कुस्कोत चार आठवडे : सकाळी स्पॅनिश, दुपारी शहर

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, पेरूतलं कुस्को ३,४०० मीटरवर. स्पॅनिश शिकायला तिकडं निघणाऱ्यानं हे दोन आकडे आधी शेजारी शेजारी लिहावेत. पहिल्या आठवड्याचं सगळं वेळापत्रक त्यांवरच ठरतं, क्रियापदं नंतर.

दक्षिण अमेरिकेत स्पॅनिशचे वर्ग शहरोशहरी आहेत. ब्युनोस आयर्स मोठं आणि देखणं. पण तिथं ‘तू’च्या जागी ‘बोस’ म्हणतात, क्रियापदाचं रूपही त्याबरोबर बदलतं, आणि इतरत्र जिथं ‘य’ उच्चारतात तिथं ‘श’ ऐकू येतो. नवशिक्यानं तिथून सुरुवात केली तर पुस्तक एक सांगतं आणि दुकानदार दुसरंच. कुस्कोची बोली सावकाश, शब्दाच्या शेवटचा ‘स’ न गिळणारी. शिवाय ही इंकांची राजधानी. जुनं शहर पायी फिरता येतं आणि १९८३ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. खोट एकच, मुख्य चौकातले वेटर आणि एजंट तुम्हाला बघताच इंग्रजी सुरू करतात. त्यांना स्पॅनिशमध्येच उत्तर देत राहायचं, दोन वाक्यांत ते वळतात.

मे ते सप्टेंबर कोरडे महिने. आपल्याकडं आषाढाची झड लागलेली असते तेव्हा तिथं लख्ख ऊन, पण जून-जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो आणि घरांत हीटर सहसा नसतो. थर्मल, कानटोपी आणि जाड मोजे हवेतच. २४ जूनच्या इंती रायमी या सूर्योत्सवाच्या आगेमागे गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. म्हणून मे किंवा सप्टेंबर बरा. डिसेंबर ते मार्च पावसाचे.

कागदपत्रं आणि एक लस

पेरूची वकिलात दिल्लीत आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीय पर्यटकाला पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर वर्गाचं पत्र, राहण्याची सोय आणि परतीचं तिकीट जोडून अर्ज करायचा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्या. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही, आणि बहुतेकांची चूक इथंच होते. अमेरिकेमार्गे स्वस्त तिकीट दिसतं, पण तिथं नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपातल्या काही विमानतळांवरही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. आधी मार्ग तपासा, मग भाव.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरलं जातं. कुस्को एवढ्या उंचीवर आहे की तिथं हा ताप पसरवणारा डास नाही, तरी लस टाळता येत नाही. भारत सरकार अख्खा पेरू पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत धरतं आणि परत येताना पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचं प्रमाणपत्र, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथं ठराविक वारी आणि आधी नाव नोंदवूनच देतात. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

मसाल्याचं एक. डंकावरून कुटून आणलेली चटणी पुडीत बांधून नेऊ नका. वनस्पतिजन्य माल तिथल्या विमानतळावर तपासतात आणि सुटी लाल पूड बघून कोणीही थांबवेल. कंपनीचं सीलबंद पाकीट घ्या आणि घोषणापत्रात लिहा.

निघण्याआधीचे दोन महिने

पेरूचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं. कोल्हापुरात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा कुस्कोत सकाळचे साडेनऊ. म्हणजे जेवणाआधी तासभर तिथल्याच शिक्षकाकडं ऑनलाइन वर्ग सहज जमतो. आठवड्याला तीन तास धरले तर दोन महिन्यांत चोवीस तास होतात. एवढ्यात अंक, वर्तमानकाळ आणि दीडेकशे शब्द पक्के करून जा. कोरी पाटी घेऊन गेलात तर पहिला आठवडा ‘ओला, मे यामो’ (नमस्कार, माझं नाव) यातच जातो, आणि ते घरी बसून स्वस्तात होतं.

शिकताना सगळ्यात मोठी सुधारणा एका सवयीनं होते. मनात भाषांतर इंग्रजीत करायचं नाही, मराठीत करायचं. स्पॅनिशची बहुतेक पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात. त्याला जिथं अडचण येते तिथं ती पानंच्या पानं खर्च करतात, आणि नेमकी तीच ठिकाणं आपल्याला जन्मजात येतात.

‘मे गुस्ता एल काफे’ बघा. शब्दाला शब्द ठेवला तर ‘मला आवडते कॉफी’. आवडणारी वस्तू कर्ता, आणि क्रियापद तिच्या मागं जातं. ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. एक आंबा असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’, जसं ‘आवडतो’ आणि ‘आवडतात’. इंग्रजीतून येणारा माणूस यावर पंधरा दिवस झगडतो. तसंच ‘बेओ ला कासा’ म्हणजे घर बघतो, पण ‘बेओ आ मामा’ म्हणजे आईला बघतो. माणूस आला की ‘आ’ लागतो, आपल्याकडं ‘ला’ लागतो. घराला आपणही ‘ला’ लावत नाही. ‘पारा’ म्हणजे ‘साठी’. ‘पोर’ म्हणजे ‘मुळे’, आणि ‘रस्त्याने’मधला ‘ने’सुद्धा. ‘पारा ती’ तुझ्यासाठी, ‘पोर ला यूबिया’ पावसामुळे, ‘पोर ला काये’ रस्त्याने.

विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणं बदलतं, हे तर आपल्या ताटात रोजचं. रस्सा स्पॅनिशमध्ये ‘काल्दो’, पुल्लिंगी, म्हणून तांबडा ‘काल्दो रोखो’ आणि पांढरा ‘काल्दो ब्लांको’. चटणी ‘साल्सा’, स्त्रीलिंगी, म्हणून ‘साल्सा रोखा’. नपुंसकलिंग नाही, तेवढी मोकळीक. बायकांनी मात्र एक सांभाळायचं. जातो-जाते असा फरक स्पॅनिश क्रियापदात नसतो, दोघांनाही ‘बोय’. पण थकलेला आणि थकलेली यांत असतो. पुस्तकातली वाक्यं बहुधा पुरुषाच्या तोंडची असतात, ती जशीच्या तशी पाठ केली की ‘एस्तोय कानसादो’ तोंडात बसतं. बाईनं ‘कानसादा’ म्हणायचं.

उच्चारातही आपली सोय आहे. त आणि द दंतमूलीय नाहीत, दातांवरचेच, आपल्यासारखे. ‘तोमाते’ म्हणताना ‘ट’ काढलात तर ती इंग्रजीची सवय समजा. ‘ह’ लिहितात पण उच्चारत नाहीत, ‘ओतेल’. झेड अक्षर दिसलं तरी ‘झ’ नाही, ‘स’. बूट ‘सापातो’. व्ही अक्षर ‘ब’सारखं, वाइन ‘बीनो’.

आता जिथं खरंच अडतं ते. पहिलं, आघात. मराठीत शब्द सपाट बोलला तरी अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, दुसऱ्यावर दिला तर ‘तो बोलला’. ‘पापा’त पहिल्यावर जोर म्हणजे बटाटा, शेवटी म्हणजे बाबा. नियम सोपा आहे. शब्द स्वरानं, ‘न’नं किंवा ‘स’नं संपला तर जोर उपांत्य अक्षरावर, नाहीतर शेवटच्या. अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ असेल तर ती सांगेल तिथं. रंकाळ्याला फेरी मारताना वहीतले शब्द मोठ्यानं, जोराच्या जागी पाऊल आपटत म्हणा. बघणारे बघतील.

दुसरं, ‘असणे’. आपलं एक ‘आहे’, त्यांची दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. स्वभाव, नातं, गाव, धंदा याला सेर. आत्ताची अवस्था आणि कुठं आहे ते सांगायला एस्तार. जोड्यांनी पाठ करा. ‘सोय आबुर्रीदो’ मी कंटाळवाणा आहे, ‘एस्तोय आबुर्रीदो’ मला कंटाळा आलाय. ‘एल सेन्योर एस रीको’ साहेब श्रीमंत आहेत, ‘ला सोपा एस्ता रीका’ सूप फक्कड झालंय. तिसरं, लांब ‘र्र’. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. जीभ टाळूला लावून सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखा आवाज काढायचा. रोज दोन मिनिटं केलं तर महिन्यात येतो.

पहिले तीन दिवस

लिमाहून कुस्कोचं विमान जेमतेम सव्वा तासाचं. समुद्रकाठावरून एकदम ३,४०० मीटरवर. हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं, दोन पायऱ्यांत धाप लागणं, याला तिथं ‘सोरोचे’ म्हणतात. तालमीतल्या गड्यालाही होतो. दम आणि ताकद यांचा त्याच्याशी संबंध नाही, उलट धट्टीकट्टी माणसं पहिल्याच दिवशी पळापळ करून आडवी होतात.

म्हणून शुक्रवारी पोचा आणि कुस्कोत न थांबता टॅक्सीनं थेट खाली उरुबांबा किंवा ओयांतायतांबोला जा, दीड-दोन तास. ही गावं २,८०० मीटरच्या आसपास आहेत. तिथं दोन रात्री काढून रविवारी दुपारी कुस्कोत या, सोमवारी वर्ग. ॲसिटाझोलामाइडची गोळी पुष्कळांना उपयोगी पडते. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं सांगून. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, ते अपेक्षितच. दारू पहिले तीन दिवस नको, रात्रीचं जेवण हलकं. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा उलट्या थांबेनात, तर वाट बघू नका. दवाखाना गाठा आणि खाली उतरा.

पाणी तिथं ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळं उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, तासभर ठेवली तरी कणी राहते. खोलीवर स्वयंपाक करायचा बेत असेल तर आधी विचारा, कुकर आहे का.

वर्ग निवडताना

साधारण रचना अशी : सोमवार ते शुक्रवार, रोज चार तास, आठवड्याला वीस. ‘तास’ साठ मिनिटांचा की पन्नासचा ते विचारा, महिन्याला तेरा-चौदा तासांचा फरक पडतो. गटात जास्तीत जास्त किती जण? सहाच्या वर असतील तर बोलायची पाळी येत नाही. गटात तुम्ही एकटेच उरलात तर तास कमी करतात का, हेही लेखी घ्या. पुष्कळ ठिकाणी करतात. २४ जून आणि २८-२९ जुलैला सुट्टी असते, ते तास भरून मिळतात का? चारही आठवड्यांचे पैसे आधीच भरू नका. एक आठवडा भरा, शिक्षक जमला तर पुढचे.

राहायला कुटुंबात. घरात दुसरा इंग्रजी बोलणारा विद्यार्थी नको, ही अट आधी घाला, नाहीतर जेवणाच्या टेबलावर इंग्रजीच चालतं. मोठ्यांना ‘उस्तेद’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. मुलांना आणि बरोबरीच्यांना ‘तू’, तो शब्द अगदी आपलाच. घरच्या बाईंनी स्वतः ‘तू म्हण’ म्हटल्याशिवाय उतरू नका.

शहर हीच वही

सकाळी जे शिकलात ते दुपारी जिथं वापरावं लागेल तिथंच जायचं. पहिल्या आठवड्यात अंक आणि खाण्याचे शब्द असतात, तेव्हा सान पेद्रो मंडई. ती सपाटीला आहे, धापही लागत नाही. फळांच्या रसाच्या गाड्यांची एक लांब रांग आहे. बाकावर बसा, ‘सेन्योरा, ऊन खूगो दे पापाया, सिन आसूकार’ म्हणा. बिनसाखरेचा. ती पेला काठोकाठ भरते. तो निम्मा झाला की ब्लेंडरच्या भांड्यात उरलेला रस पुन्हा तुमच्या पेल्यात ओतते. ही ‘यापा’. शब्द मूळ केचुआ भाषेतला, अर्थ आपल्या भाजीवालीनं वर टाकलेल्या कोथिंबिरीचा. ओतलं नाही तर हसून ‘ला यापा, कासेरीता?’ म्हणायचं. रोजच्या विक्रेतीला ‘कासेरा’ म्हणतात आणि तीही गिऱ्हाइकाला तेच म्हणते. चार दिवस त्याच बाकावर बसा, पाचव्या दिवशी ती तुमचं चुकलेलं लिंग दुरुस्त करू लागेल. हा तास वर्गातल्या तासापेक्षा स्वस्त पडतो.

दुसऱ्या आठवड्यात दिशा आणि आज्ञार्थ. तेव्हा सान ब्लासच्या चढाच्या गल्ल्या, नकाशा खिशात ठेवून. ‘देरेचा’ उजवीकडं, पण ‘देरेचो’ सरळ. या एका स्वरानं माणूस भलत्याच गल्लीत जातो. पेरूत सरळसाठी ‘दे फ्रेंते’ म्हणतात, तेच वापरा. वाटेत ‘आतून रूमियोक’ नावाच्या गल्लीत बारा कोनांचा दगड आहे, चुन्याशिवाय बसवलेला. हात लावू नका, मनाई आहे.

भूतकाळ तिसऱ्या आठवड्यात येतो, आणि तेव्हा ‘कोरिकांचा’ बघायचं. इंकांचं हे सूर्यमंदिर, त्याच्याच भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ चढवला. १९५० च्या भूकंपात मठाचं बांधकाम मोठ्या प्रमाणात कोसळलं, खालच्या इंका भिंती तशाच राहिल्या. स्पॅनिशमध्ये दोन भूतकाळ आहेत आणि ते इथं दोन्ही लागतात. एकदा घडून संपलं ते ‘केलं’, वरचेवर चालायचं ते ‘करायचे’. इंका सूर्याची पूजा करायचे, ‘आदोराबान’. १५३३ मध्ये स्पॅनिश आले, ‘येगारोन’. भिंत पडली, ‘कायो’. मराठीत मनात ‘-यचे’ आलं की पहिलं रूप, ‘-लं’ आलं की दुसरं. पाहून झाल्यावर बाहेरच्या हिरवळीवर बसून दहा ओळी लिहा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकाला दाखवा.

‘तू यावंस असं मला वाटतं’ यातलं ‘यावंस’ ज्याला कळतं त्याला चौथ्या आठवड्यातला सब्खुंतीबो, म्हणजे क्रियापदाचं इच्छा-शंकेचं रूप, तोही परका वाटणार नाही. ‘किएरो के बेंगास.’

आता तिकिटांचं. बोलेतो तुरीस्तिको हे एकत्रित तिकीट १३० सोलचं (सोल म्हणजे पेरूचं चलन), सोळा ठिकाणांचं, आणि दहा दिवस चालतं. चूक अशी होते की पोचल्याबरोबर काढतात आणि निम्मे दिवस डोकं धरून झोपण्यात जातात. ते दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी सुरू करा. शुक्रवार ते पुढच्या आठवड्यातला रविवार बरोबर दहा दिवस होतात आणि दोन शनिवार-रविवार त्यात बसतात. शुक्रवारी दुपारी साक्सायवामान, शनिवारी पिसाक आणि ओयांतायतांबो, रविवारी चिंचेरोचा बाजार आणि मोरायची गोल पायऱ्यांची शेती. मधल्या दुपारी संग्रहालयं, दुसऱ्या शनिवारी तिपोन आणि पिकियाक्ता. कोरिकांचा, कॅथेड्रल, मारासची मिठागरं आणि माचू पिचू यात नाहीत, त्यांचे पैसे वेगळे.

माचू पिचूचं तिकीट कोल्हापुरातूनच काढून ठेवा. त्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशाची वेळ आणि आतला मार्ग छापलेला असतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. मूळ पासपोर्ट बरोबर न्यायचा, झेरॉक्स चालत नाही. ओयांतायतांबोहून माचू पिचूच्या पायथ्याच्या आगुआस कालिएंतेस गावाला आगगाडी सुमारे पावणेदोन तास घेते, तिथून वर बस. माचू पिचू २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा हजार मीटर खाली. श्वास तिथं मोकळा होतो.

जेवण

दुपारी ‘मेनू देल दीआ’ घ्या. सूप, मुख्य पदार्थ आणि सरबत. स्थानिक खानावळीत चौकापेक्षा बराच स्वस्त. ‘सिन कार्ने’ म्हटलं की शाकाहारी ताट येईल ही समजूत सोडा. ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या मनात मुख्यतः गोमांस, त्यामुळं कोंबडीचा तुकडा टाकून ते निश्चिंत असतात. ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे खात नाही) एवढं पूर्ण म्हणा. सूपही मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, ‘एल काल्दो एस दे कार्ने?’ विचारा. फक्त गोमांस टाळायचं असेल तर ‘नो कोमो कार्ने दे रेस’. ‘कुय’ म्हणजे गिनीपिग, अख्खा भाजून ताटात येतो. कॅथेड्रलमधल्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रातसुद्धा ताटात तोच आहे. उकडलेलं ‘चोक्लो कोन केसो’, मोठ्या दाण्यांचं कणीस आणि चीज, सगळ्यांना चालतं. तिखटाची आठवण आली तर रोकोतो मागा, काळ्या बियांची जाड मिरची. लवंगी खाणाऱ्यानंही आधी टोक चाखावं. भरलेला रोकोतो मात्र बहुधा खिम्याचा असतो.

पैसा सोलमध्ये, एका डॉलरला साडेतीनच्या आसपास. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या. घडीवर किंचित फाटलेली नोटही ‘एस्ता रोतो’ म्हणून परत करतात. नळाचं पाणी पिऊ नका.

परतीची बॅग भरताना कोकाचा चहा आणि पानं बाहेर काढा. तिथं हॉटेलात स्वागताला देतात, दुकानात उघड मिळतात, त्यामुळं आठवण म्हणून चार पाकिटं सहज बॅगेत जातात. भारतात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. पिवळं कार्ड मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा. मुंबईला उतरल्यावर ते इमिग्रेशनच्या आधी मागतात आणि तेव्हा मोठी बॅग अजून पट्ट्यावरही आलेली नसते.